तीन पानं

चार पानं घातली की कडू होतं.
हे मला पाचव्या दिवशी कळलं.
तोवर पापा एक घोट घ्यायचे,
मान वळवून अंगणातल्या लाल मातीत थुंकायचे
आणि शिंगाचा पेला माझ्याकडे न बघता परत करायचे,
नळी मात्र माझ्या बाजूला वळवून.
तेवढी रीत सांभाळायचे.

दवाखान्यात नर्सनं बोटाला सुई टोचली,
आकडा आला दोनशे शहाऐंशी.
पापा म्हणाले, "टन? एका हंगामात तेवढा ऊस घातलाय मी चरकात."
नर्स हसली नाही.
मीही नाही.

तेबिकुआरी नदीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून
आमचा लाकडी चरक चाळीस वर्षं कुरकुरला.
बैल बदलत गेले :
आधी पिंतो, मग पिंतोचा मुलगा, मग नुसताच बैल.
रस काढणारा माणूस एकच.
ट्रकवाले थांबले की पहिला पेला पापा स्वतः प्यायचे,
गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून.
दिवसाचे पहिले पेले किती झाले, मी मोजले नाहीत.
डाव्या पायाच्या अंगठ्यानं मोजले असावेत,
तो आता तापलेल्या फरशीवरही काही बोलत नाही.
गोड लागला म्हणून मुळासकट खाल्ला ऊस;
आता मूळच खातंय.

मी ब्यूनोस आयर्सला अकरा वर्षं दुसऱ्यांचे कोट शिवले.
आले तेव्हा हातात दोन पिशव्या,
आणि पापांनी विचारलं, "परत कधी?"

बाजारात न्या पोर्फिरिया खलबत्ता पुढ्यात घेऊन बसते.
गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून पाला कुटते.
मला तिनं कागदात बांधून दिली वाळकी, अरुंद पानं.
"का'आ हे'एँ," म्हणाली, "गोड झुडूप.
जुन्या लोकांनी नाव ठेवताना फार डोकं चालवलं नाही.
पण जपून घाल, पोरी.
ही गोडी उशिरा येते, आणि आली की हलत नाही."
मला वाटलं, ती पापांबद्दल बोलतेय.

तर असं :
रात्री तीन पानं कोमट पाण्यात. उकळू नये, उकळलं की पानांना राग येतो.
पहाटे गाळायचं.
कुंपणावरची आंबट संत्री, जी डुकरंही नाक मुरडून सोडतात, ती दोन.
पुदिना चुरगळून.
पिशवीत गोठवलेला बर्फ दाराच्या चौकटीवर आपटून.
आणि चिमूटभर मीठ :
ते माझं, म्हणजे शेजारच्या मशीनवरच्या बोलिव्हियन बाईचं,
ती म्हणायची, मिठाशिवाय गोडाला आपण गोड आहोत हे कळत नाही.

सहाव्या दिवशी पापांनी घोट घेतला.
थुंकले नाहीत.
बोललेही नाहीत.
मी बर्फाचा चुरा झाडत होते तेव्हा मागून आवाज आला,
"आली."
मी फाटकाकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.
पापांनी जीभ बाहेर काढून बोटानं दाखवली.

दुपारी डेर्लिस आला, शेजारच्या इग्नासिओचा नातू,
मुठीत नाणं, हवा होता उसाचा रस.
चरक बंद आहे, मी सांगणार होते.
पापांनी माझ्याच जगातून पेला भरला,
पहिला घोट स्वतः घेतला, सवयीनं,
आणि उरलेला पोराला दिला.
डेर्लिसचं तोंड वाकडं झालं. "आंबट आहे!"
"थांब," पापा म्हणाले.
मग दोघं उभे राहिले, रस्त्याकडे बघत,
बसची वाट बघावी तसे.
बैलसुद्धा रवंथ थांबवून बघत होता.

आज पापांची गादी उन्हात टाकायला उचलली
तर उशीखाली उसाच्या चोयट्या,
चघळून चघळून पांढऱ्या झालेल्या, अजून ओल्या.
मी त्या कोंबड्यांना टाकल्या.
कोंबड्यांनी हुंगून सोडून दिल्या.

रात्री कोमट पाणी काढलं,
कागद उघडला,
मोजली :
एक, दोन, तीन.