दीड तारा

शुक्रवारी तीनचा खेळ,
रात्री साडेआठपर्यंत तीनशे शब्द,
खाली तारे.
सव्वीस वर्षं हा उद्योग.
एरवी मी सांगलीच्या मार्केट यार्डात
मगदूम आणि मंडळींच्या अडतीवर दिवाणजी :
पावत्या, तोलाई, हमाली, कडता.
हळदीची धूळ कागदावर उतरते
म्हणून माझं परीक्षण
दैनिकात न वाचताच ओळखायचे.

परवाच्या सिनेमाला दीड तारा दिला.
त्यातला अर्धा नदीसाठी.
नायक एका बुक्कीत अकरा जण झोपवतो,
बहीण आंधळी, डॉक्टर परदेशी
आणि शेवटी देवळातली घंटा आपोआप.
मी लिहिलं : प्रेक्षकाच्या बुद्धीचा अपमान.
हे वाक्य माझ्याकडे तयारच असतं,
शिक्क्यासारखं.

सोमवारी म्हाळू बंडगर पोतं टाकून समोर उभा.
"दिवाणजी, मी चार बारी बगितला.
माजा अपमान कवा झाला, कळलंच न्हाई."

म्हाळू पूर्वी हरिपूरच्या पेवांत उतरायचा.
म्हणाला, पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरत न्हाईत.
आदी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर आत वारं न्हाई. थांबायचं.
"तुमी आमचा कंदील.
फकस्त आमचं उलटं हाय.
तुमी इझला की आमी उतरतो."

अख्खा यार्ड हसला.
मीही, थोडा उशिरा.

मग मी हुकमाचं पान टाकलं :
मागच्या दिवाळीतला तो, हमालांवरचा.
साडेचार तारे. श्रमाचं दाहक वास्तव.
पदरचं तिकीट काढून म्हाळूला पाठवलं होतं
आणि तो मध्यंतरातच उठून आला होता.
का, ते तेव्हा विचारलं नव्हतं.

"पोत्यात भुस्काट हुतं."
"कशावरून?"
"मानंची शीर फुगली न्हाई त्याची.
आन आकडा असा धरलावता,
तसा धरनारा सांजच्याला
पाची बोटं घिऊन घरी जात न्हाई."

कॅमेरा त्या पाठीवर साडेतीन मिनिटं थांबला होता.
मी घड्याळ लावून मोजली होती.
शीर बघितली नव्हती.

"आणि दीडवाल्यात काय खरं होतं?"
"कायबी न्हाई. समदं खोटं,
आन खोटं म्हनूनच दावलंय की.
पर ती आई हाय न्हवं,
पोरं निजल्यावर पातेलं खरवडती
आन आवाज हुतोय म्हनून मदीच थांबती...
त्यो आवाज लिवला न्हाई तुमी."

नव्हता लिहिला.
त्या वेळी मी अंधारात वहीवर
'मध्यंतराआधी रेंगाळतो' असं लिहीत होतो.

आमचे मगदूमशेठ हळकुंड कानाशी धरून मोडतात.
रंग नंतर. आधी आवाज.
सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय मी.

म्हणून तारा वाढवला, असं समजू नका.
एका बुक्कीत अकरा जण पडत नाहीत.
घंटा कुणीतरी ओढावीच लागते.
दीड म्हणजे दीड.
म्हाळूच्या रडण्याची मी पावती फाडत नाही,
माझ्या कंटाळ्याची तो हमाली मागत नाही.
असं आमचं चालतं.

फक्त संध्याकाळी, काटा बंद झाल्यावर,
त्यानं माझ्या हातावर टॉवेल टाकला.
जुन्या सौद्याची रीत :
कापडाखाली बोटं दाबायची,
भाव दोघांपुरता.
"दोनीचा सांगतो," म्हणाला.
आधी साडेचारवाला.
मग दीडवाला.
त्याची बोटं खरबरीत, नखांच्या कडा पिवळ्या.

किती दाबली, ते सौद्यात सांगत नसतात.
एवढंच की दीडवाल्याच्या वेळी
त्यानं माझा
दुसरा हातही मागितला.