पिक्चर कसा वाटला

धानाच्या गिरणीची मागची भिंत चुन्यानं पांढरी केली,
तुमसरहून प्रोजेक्टर आणला भाड्यानं
आणि लावला रशियन माफियांचा पिक्चर, हिंदीत डब केलेला.
गोष्ट कुठल्याशा परक्या बंदरातली.
रशियातून आलेले लोक तिथं आधी मासळीचं दुकान टाकतात,
मग माणसं गायब करतात.
पिक्चरात बर्फ पडत होता
आणि उजेडाच्या पट्ट्यात आमचा कोंडा उडत होता.
कुठला कोंडा, कुठला बर्फ, कुणाला कळेना.

संपल्यावर विचारलं, कसा वाटला?
मला पुढच्या शनिवारचं ठरवायचं होतं.

यादोराव पटले म्हणाले, लांबला.
"दोन घंट्यात एक माणूस पोटभर जेवला नाही.
नुसते गिलास रिकामे करते न् टेबलावर आपटते.
एवढ्या थंडीत, उपाशी,
माणूस माराचं सुचते कसं बावा?"

गुलाब खाटकाला सुरीच पटली नाही.
असं धरलं तर पहिलं आपलंच बोट जातं, म्हणाला,
आणि हवेत धरून दाखवली, नसलेली सुरी.
पुढची पोरं जरा मागं सरकली.

बिसन टेलर सांगू लागला: एका कोटाला चार मीटर कापड,
अस्तराचं वेगळं.
"पिस्तुलाचा खिसा कुठून काढला, तेच पाहून राह्यलो होतो.
गोष्ट काही समजली नाही."

हिरकनबाई उईकेनं पन्नास वर्षं गावाला गोंदलं.
तिनं मालकाची उघडी छाती पाहिली,
घुमट, क्रूस, दात विचकणारी मांजर.
"शाई बरी आहे. हात घाईचा आहे.
मेल्यावर गोंदण तेवढं सोबत येते म्हणते,
याच्यासंगं तं अख्खी जेल जाईन."

तीनदा मात्र पिक्चर पुसला गेला.
घाटावरून रेतीचे टिप्पर निघाले
की त्यांचा उजेड थेट या भिंतीवर येतो.
कोटवाले जातात, बंदर जातं, उरतो चुना.
आवाज चालूच असतो,
कोणीतरी कोणाला तरी विचारत असतं,
बोल, तूने क्या देखा?
आम्ही शंभरेक माणसं
त्या कोऱ्या भिंतीकडे पाहत बसलो.
मागं वळून कुणी पाहिलं नाही.
टिप्परला नंबर असतो की नसतो,
आमच्या गावात कुणालाच माहीत नाही.

शालिक म्हणाला, "असे लोक तिकडंच रायते,
आपल्याकडं कुठं?"
आणि स्वतःच हसला.
मग बराच वेळ अंधारात चप्पल शोधत राहिला,
ती त्याच्या पायातच होती.

चाचेरे मास्तरांचा आक्षेप त्या म्हातारीवर.
हॉटेलच्या मागं बशा धुणारी, जिनं सगळं पाहिलेलं असतं.
पोलीस तीनदा विचारतात,
ती एकच बशी पुसत राहते, पुसत राहते.
पोरं ओरडली होती, "बोल ना वं!"
"तिथंच पिक्चर बसला," मास्तर म्हणाले,
"ती का बोलत नाही, हे दिग्दर्शकानं दाखवायलाच हवं होतं."

फुलवंता मेश्राम पोत्याची घडी घालत होती.
दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी
तिच्या गजीरामचा डोंगा सापडला वैनगंगेच्या काठाला,
नीट बांधलेला.
गाठ त्याच्या हाताची नव्हती.
ठाण्यात तिलाही विचारलं होतं तीनदा,
की चारदा, मला नक्की आठवत नाही.
मी तिथंच होतो, बाकावर.

"बाकीचं मले समजत नाही," ती म्हणाली,
"पण बशी पुसनं खरं आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.
पोरं पडदा नसलेल्या भिंतीवर सावल्यांची कुत्री करत होती.
मी वायर गुंडाळत विचारलं,
पुढच्या शनिवारी काय लावू, मावशी?

"हाच लाव."
मग पोतं काखेत मारून, चार पावलं जाऊन:
"अन् आवाज बंद ठेवजो.
मले तिचे हात पाहाचे आहेत."