सातवा टेकू

खाल्ल्या घरचे वासे मोजणं
हा माझा पोटापाण्याचा धंदा.
थर्झा गॅरडबाईंनी मनुकांचा केक दिला,
तो संपवला, आणि मग शिडी मागितली.

सफोकमधला नोव्हेंबर. बीट उपटून नेलेलं शेत,
चिखलात ट्रॅक्टरच्या दोन ओल्या रेघा,
आणि रस्त्याकडे केलेलं घराचं विटांचं तोंड:
पाच खिडक्या, त्यातली एक नुसती रंगवलेली.
खिडक्यांवर कर बसला तेव्हा
कुणीतरी उजेड चिणून टाकला.

विटा म्हणजे फक्त कातडी, वीतभर जाड.
आत ओकची हाडं, हाडांमध्ये कूड:
हेझलच्या फोका, शेणमाती, घोड्याचे केस.
एका ढलपीत बोटाचा ठसा होता, लहान.
त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं.
बसलं नाही.

माळ्यावरचे वासे काळेकुट्ट.
डांबर नव्हे, धूर.
तेव्हा चिमणी नव्हती. मधोमध भुईवरच जाळ,
धूर वर जाऊन गवती छपरात वाट शोधायचा
आणि माणसं खाली खोकत जेवायची.
मग कुणाकडे तरी चार पैसे आले.
चिमणी आली, तिच्या आधारानं मजला आला,
लोक वर झोपायला लागले.
चिमणीच्या कुशीत त्यांनी एक बूट चिणला,
डाव्या पायाचा, टाच झिजलेला.
कशाला भिऊन, ते बूट सांगत नाही.

गॅरडांच्या बायबलात पहिल्याच पानावर नोंद आहे:
हे घर एफ्राइमनं बांधलं, सोळाशे बारा.
मी पोकळ गिरमिट लावलं.
पेन्सिलीएवढी कांडी निघाली, हाताला गरम.
भिंगाखाली कडी मोजली. एक रुंद,
पुढची तीन दुष्काळानं चिमटलेली,
शेवटचं सालीला टेकून पुरतं मिटलेलं.
झाड पडलं चौदाशे सदुसष्टच्या हिवाळ्यात.
एफ्राइमच्या आज्याचा आजा तेव्हा रांगत असेल.

बाईंनी केटली पुन्हा चढवली.
"म्हणजे आम्हीही नंतरचेच," म्हणाल्या.
मग, बऱ्याच वेळानं:
"हे उत्तरेला का झुकतं, ते सांगेल का तुमची कांडी?
क्लेमंटनं जन्मभर पायाला दोष दिला.
तीनदा खणला."

कांडी नाही सांगत. टॉर्च सांगतो.
सुतारानं सांगाडा अंगणात आडवा रचला होता,
प्रत्येक लाकडावर पटाशीनं आकडा कोरून,
मग गाडीवर घालून इथे आणून उभा केला.
सातवा टेकू आठव्याच्या खाचेत आहे,
आठवा सातव्याच्या. दोन बोटं कमी पडली,
ती खुंटीनं दामटून बसवली.
अंधारून आलं असेल. हात गारठले असतील.
बिअरही असेल.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
इथे दोन टेकू चुकले, घर जरासं फिरलं
आणि तेवढ्यावरच थांबलं.

"आता दुरुस्त होईल?"
नाही. आता ज्याला त्याला आपापल्या जागी नेलं
तर छप्पर खाली येईल.

मी भोकात ओकची खुंटी ठोकली.
बाईंनी संध्याकाळसाठी अंडी काढली,
एक टेबलावर ठेवलं,
आणि माझ्याशी बोलता बोलता, न बघता,
उत्तरेच्या कडेला हात धरला.