अकरा जणांची लेन्स

वर्गणी काढून घेतलेली एकच लांब लेन्स,
बडगुजरांच्या स्टुडिओत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
शेजारी वही: कोणी नेली, कधी आणली.

सोमवारी पिंजारी, शिरपूरचं लग्न.
बुधवारी निंबा अहिरराव, लळिंगच्या कुरणात मोर.
गुरुवारी हर्षा भावसार, दोन तास,
कारणाचा रकाना कोरा.

एप्रिलात कधीतरी तिला चरा पडला.
कुणाच्या हातून, ते वहीत नाही.
रविवारी पांझरेच्या पुलावर सगळे जमलो,
शेव-मुरमुऱ्यांचा कागद फिरला,
चौकशी फिरली नाही.
बडगुजर काच पुसत म्हणाले,
"व्हयनं ते व्हयनं."

तेव्हापासून डाव्या कोपऱ्यात वर
एक फिकट डाग, उजेडाकडं धरली की हमखास:
शिरपूरच्या नवरीच्या मुंडावळीशी,
मोराच्या तुऱ्याला लागून,
हर्षानं काढलेल्या, बंद गिरणीच्या भोंग्यावर.
(गुरुवारी ती तिथं जायची तर.)

प्रदर्शनाला नाशिकहून परीक्षक आले.
तिसऱ्या फोटोपाशी त्यांनी चष्मा पुसला,
सातव्यापाशी पुन्हा.
"हे सगळ्यांच्यात कसं काय?"

हर्षा म्हणाली, "धुळ्याचं ऊन आहे, सर."
नऊ माना हलल्या.
निंबा
चपलेचा अंगठा नीट करत राहिला.