अर्धा पत्ता

सोमवारी पहाटे सहाला
मी झोपेत असताना पत्र आपोआप जाते.
आठवडाभर लिहिलेलं यंत्र उचलते,
सापडेल तो पहिला फोटो वर लावते
आणि एकोणसाठ जणांना वाटून टाकते:
सुरत, बुटीबोरी, हैदराबाद, एक मस्कत.
पहिला कोणता, हे ते मला विचारत नाही.
मागे नंदेश्वरांच्या पोरीचं लग्न लिहिलं
आणि वर चढले सदूकाका, हारासकट, तेरवीचे.
"लगन कोनाचं हाय जी?"
तिघांनी विचारलं.

या खेपेला मामा तलाव.
गाळ निघाला, बावीस वर्षांनी.
पाळीवर उभं राहून पाच फोटो काढले,
रेंजसाठी मोहाच्या झाडापर्यंत गेले.
एकेक फोटो चढायला
हंडाभर धान उकडेल इतका वेळ.

दुपारी सुरतेहून फत्तू नान्हे:
"फोटो नाही आला, बाई. चौकोन आला.
करडा. कोपऱ्यात टिकलीएवढा
फाटका फोटो.
खाली लिवलं हाय, मामा तलाव, सकाळी."

माझ्याकडे तर दिसतो.
माझ्याकडे सगळंच दिसते,
तीच तर अडचण.

रात्री कळलं,
फोटोचा पत्ता मी अर्धाच दिला होता.
आमच्यात असाच सांगतात,
पिपराखालून, चक्कीच्या मागं,
जिथं लाल गोऱ्हा बांधला असते, तिथं.
गावातल्या गावात तेवढा पुरतो.
शीव ओलांडली
की तो कुठून सुरू होतो
तेच कुणाला ठाऊक नसते.

मग पार दारापासून लिहिला, पूर्ण.
रुंदी सहाशेत बसवली.
त्यापायी डावीकडची धिवरीन कापली गेली.
जाळं राहिलं,
जाळं धरलेला एक हात राहिला.

पत्र दुसऱ्यांदा पाठवलं.
फत्तूचं उत्तर दोन दिवसांनी, रात्रपाळीनंतर:
"आला. चांगला हाय. पानी कमी वाटते.
खरं सांगू का बाई,
चौकोन होता तवा त्याच्यात माय होती.
कमरेएवढ्या पान्यात, शिंगाडे तोडत.
मले म्हने, काठावरच राय.
आता नुसती पाळ हाय."

मी फोटो बोटांनी ताणून पाहिला.
पाळच आहे.
एक ट्रॅक्टर, एक उलटं घमेलं.
ताणत गेलं की नुसते ठिपके होतात.

येत्या सोमवारी शाळा आहे, नवा रंग लावलेली.
फोटोखालची ओळ लिहायला बसले.
"शाळा, निळी" एवढंच होतं, ते खोडलं.
लिहिलं: डावीकडून दुसरी खिडकी.
फत्तू मधल्या सुट्टीत इथूनच पळायचा.
गज रंगवला आहे,
पण अजून वाकडाच आहे.

ओळ फार लांब झाली.
दिवा मालवला, मग पुन्हा लावला.
कोणता गज ते राहिलं होतं.