तीन मिनिटं

गुडघा दुखतोय, असं मी सोमवारी म्हटलं,
तुलाच, फोनवर, तेही हळू आवाजात,
आणि मंगळवारी पडद्यावर गुडघ्याचे पट्टे.
निळे, काळे, एक चुंबकाचा.
तू हसून राहिलास, निनाद.
म्हणालास, आत्या, तिकडे कोणी ऐकत नाही.
तिकडे माणूसच नसतो.

सुपर कॉरिडॉरच्या काचेच्या इमारतीत तुझी नोकरी,
तुला माहीत असणार.
पण ऐकणं म्हणजे काय, ते मला नको शिकवूस.
एकोणतीस वर्षं त्याचाच पगार घेतला.

इंदूरचं एक्स्चेंज, रात्रपाळी,
कानावर काळा हेडफोन,
समोर भोकाभोकांची भिंत, हातात दोरी.
महू मागायचं नागपूर, सियागंज मागायचं मुंबई.
हळदीचा भाव. मुलीचा होकार.
कोणी गेलं असेल तर आधी नुसती खरखर,
मग हॅलो, हॅलो, ऐकू येतंय ना?
जोडायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम.
आम्ही सगळ्या ऐकायचो.
कुमुद खांडवेकर तर स्वेटर विणता विणता.

पोह्यांवर जिरावण भुरभुरवत तू सांगतोस,
ऐकणं वेगळं, नमुना ओळखणं वेगळं.
नमुना कोण रे? मी?
तसं नाही आत्या, आवाजाचे तुकडे होतात,
तुकड्यांचे आकडे,
आकड्यांना नाव नसतं, गाव नसतं.
मग पट्टा बरोबर माझ्याच गुडघ्याला कसा आला?
खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत थांबली.
मी दोन डबे घेऊन उतरले, ओला आणि सुका,
वर आले तेव्हा तू अजून आकड्यांवरच होतास.

ऐक. सत्त्याहत्तर साल, पौषातली थंडी.
महूहून एक माणूस, मिरजेच्या दवाखान्यात बायको.
तिला बोलता येत नव्हतं, फक्त श्वास यायचा तारेतून.
तो तिला दिवस सांगत होता.
मांजरीला चार पिल्लं झाली, एक पांढरं.
कोटाचं बटण मीच शिवलं, उलटं बसलं.
दूधवाला तुझी विचारपूस करत होता.
तीन मिनिटं झाली.
'वाढवायची?' असं विचारायचं असतं. मी विचारलं नाही.
एकोणीस मिनिटं दोरी तशीच ठेवली
आणि तिकिटावर लिहिलं, तीन.
पकडली गेले. एक इन्क्रिमेंट गेलं.
तुझं यंत्र एक तरी मिनिट असं चोरेल का,
कोणासाठी?

तू चमचा खाली ठेवलास.
म्हणालास, आणि त्यांना विचारलं होतंस?
ऐकू का, म्हणून?

नव्हतं विचारलं.
सत्तेचाळीस वर्षांत मलाही कोणी हे विचारलं नव्हतं.
लाज वाटायची, एवढंच.
कोटाचं बटण दिसलं कोणाचं उलटं, की अजून वाटते.
तुझ्या आकड्यांना वाटते का, असं विचारणार होते,
पण तोंडातच राहिलं, कारण लाजेने ऐकलेलं
न ऐकलेलं होत नाही.
आम्ही विसरायचो तरी, मी म्हटलं.
तू म्हणालास, विसरलीस कुठे?

बरोबर आहे तुझं.
पण मी ते विकलं नाही रे.
आईला सांगितलं नाही, कुमुदला नाही,
लग्न झालं असतं तर नवऱ्यालाही नसतं सांगितलं.
आज पहिल्यांदा सांगितलं, तुला,
ते तुझ्याशी भांडणात जिंकायला.
म्हणजे विकलंच की.

पोहे थंड झाले. शेव मऊ पडली.
तुझा फोन टेबलावर पालथा, आपल्या दोघांच्या मधे.
बघू उद्या काय दाखवतो ते,
मिरजेची तिकिटं,
कोटाची बटणं,
की मांजरीच्या पिल्लांचं खाणं.