सहावी जागा

खेनिफ्राच्या स्टँडवर बास्सू ओरडतोय,
"मिदेल्त, मिदेल्त, एकच पाहिजे, एकच!"
मी दोन जागांचे पैसे काढते.
तो नोटा मोजतो, माझ्या पाठीमागे बघतो.
"दुसरं कोण?"
"येतंय," म्हणत
मी दार ओढून घेते.

जुनी मर्सिडीज. मागे चौघं, पुढे दोघं,
आणि पुढचा तो दुसरा बसतो कुठे,
तर गिअरच्या दांड्याला चिकटून,
ड्रायव्हरचा हात तिसऱ्यातून चौथ्यात जाताना
जिथे उगाच थोडा रेंगाळतो, तिथे.
ती जागा मी गेली अकरा वर्षं विकत घेते,
तिच्यावर कोणी बसू नये म्हणून.

साठ दिरहम. म्हणजे एक बॉबिन-केस आणि वर चहा.
मी गावोगाव शिलाई मशिनी दुरुस्त करते,
हिशेब सुटत नाही.
मोहा, माझा भाऊ, म्हणतो, इत्तो, ही तुझी चैन आहे.
आहेच.
बायका सोनं घेतात, मी वीतभर हवा घेते.

देवदारांची सावली संपली की बास्सू विचारतो,
"नवरा काय करतो?"
हे सगळेच विचारतात, साधारण याच वळणावर.
"पोलिसात आहे. मिदेल्तला उभा असेल न्यायला."
आजचा उंच आहे, मिशीवाला.
मागच्या महिन्यातला कसाई होता, जरा बुटका,
पण त्याचं नाव मी विसरले
आणि परतीच्या वाटेवर विधवा झाले.

झैदाच्या फाट्यावर दिवस मावळतो.
वाऱ्यात एक पोरगी उभी, सतरा-अठराची,
छातीशी कागदांची फाइल, पायात उन्हाळी चपला.
बास्सू गाडी हळू करतो.
"तुझं ते 'येतंय' काही आलं नाही वाटतं,
घेऊ का हिला?"
मागचे चौघं कुठे तरी अयाशीच्या बर्फाकडे बघतात.
कुणी ब्र काढत नाही.

आता जागा माझी, पैसे माझे,
आणि ती बसणार गिअरपाशी.

मी दार उघडलं, खाली उतरले नाही,
आतल्या आत सरकले.
अकरा वर्षांनी मी त्या जागेवर बसले.
गादी तिथे कोमट होती, इंजिनामुळे असेल,
तरी अंगावर काटा आला.
पोरगी खिडकीशी बसली.
मी पिशवीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला,
मांडीवर आडवा ठेवला,
चिंधीनं पुसू लागले.
स्वच्छच होता तो.
"तेल लागतं ना," मी कुणालाच म्हणाले नाही असं म्हणाले.

झैदा ते मिदेल्त, सपाट रस्ता, समोर गाडी नाही,
आणि बास्सूनं सगळी वाट
तिसऱ्या गिअरमध्येच काढली.
इंजिन रडत होतं बिचारं.
मागून एक म्हातारा म्हणाला, "वाढव की,"
तो म्हणाला, "रस्ता खराब आहे."

पोरगीचं नाव इज्जा.
कसलीशी परीक्षा उद्या सकाळी, मावशीकडे उतरणार.
मावशीचं घर नक्की कुठे ते तिनं सांगितलं नाही.
मला बरं वाटलं.

स्टँडवर मिशीवाला पोलीस अर्थातच नव्हता.
इज्जानं सुटे पुढे केले.
मी वीस दिरहम घेतले, मोजून.
फुकट दिली असती तर तिला वाटलं असतं
ही जागा फुकट मिळते.

दिव्याखाली तिच्या तळव्यावर दिसलं
निळ्या बॉलपेननं लिहिलेलं काहीतरी.
आमच्या टॅक्सीचा नंबर.
दाराला हात लावायच्या आधीच लिहिलेला,
तेवढ्या वाऱ्यात, फाइल सांभाळत.
एक आकडा चुकला होता.
मी तिच्याकडून पेन मागून घेतलं
आणि दुरुस्त करून दिला.